चादरीचं डिझाइन नव्या लॅपटॉपवर का उघडत नाही

मे महिन्यात आमच्या शेजारच्या मामांच्या कारखान्यातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचे चादरीचे माग आहेत. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, सुताच्या व्यापाऱ्याशी हिंदी, असा त्यांचा दिवस जातो. त्या कॉम्प्युटरवर डॉसमधला, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातला, एक प्रोग्रॅम होता. नक्षी चौकटी-चौकटीत भरायची, प्रोग्रॅम तिची फाइल करणार, ती फ्लॉपीवर घेऊन कार्ड पंच करणाऱ्या यंत्राला द्यायची. पंचवीसेक वर्षांची डिझाइनं त्यात साठलेली. मोर, कमळ, वेलबुट्टी, आणि आता कुणालाच काढता येत नाहीत अशा काही जुन्या किनारी.

हार्ड डिस्क शाबूत होती. मामांच्या पुतण्याने तिच्यातलं सगळं आपल्या नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि प्रोग्रॅमवर क्लिक केलं. हा प्रोग्रॅम या पीसीवर चालणार नाही, एवढंच पडद्यावर आलं. मामा मला म्हणाले, "अम्मा, एवढं महागाचं मशीन. तो जुना डबा जे करत होता ते याला का जमेना?"

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे पेजमेकरमधल्या जुन्या फाइली असतात, डॉक्टरांकडे एखाद्या तपासणी यंत्राबरोबर आलेला जुना प्रोग्रॅम असतो, कुणाकडे किराणा दुकानाचा हिशेब असतो. "जुनं झालं, टाकून द्या" हे उत्तर मला पटत नाही. बहुतेक वेळा प्रोग्रॅम मेलेला नसतो, त्याची भाषा समजणारं कुणी जवळ नसतं, आणि दुभाषा मिळाला की तो पुन्हा बोलू लागतो.

नक्षी आणि कार्ड

मी मामांना त्यांच्याच मागाकडे बघायला सांगितलं. मागाच्या वर जेकार्ड बसवलेलं असतं आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. कार्डावर जिथे भोक असेल तिथला हूक उचलला जातो, जिथे नसेल तिथला खालीच राहतो. उचललेल्या हुकांबरोबर ताण्याचे धागे वर येतात आणि मधून धोटा जातो. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. जोसेफ मारी जेकार्डने फ्रान्समधल्या लियाँ शहरात १८०४ साली बसवलेली ही व्यवस्था सोलापूरच्या चादरीत आजही काम करते.

आता एका जेकार्डसाठी पंच केलेली माळ वेगळ्या हुकसंख्येच्या, वेगळ्या अंतराच्या जेकार्डवर चढवली तर? मामा हसले. "चढणारच नाही. चढवलीच तर मोराचं गाढव होईल."

पण नक्षी तर तीच आहे ना? ग्राफ कागदावर काढलेली नक्षी कुठल्याही जेकार्डची बांधील नसते. बांधील असतात ती कार्डं. ग्राफ हाताशी असेल तर नव्या जेकार्डसाठी नवी कार्डं कापता येतात.

प्रोग्रॅमचंही अगदी असंच आहे. प्रोग्रॅमर जे लिहितो, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो ग्राफ. आपल्या हातात येते ती फाइल म्हणजे एका विशिष्ट प्रोसेसरसाठी, म्हणजे सूचना पाळणाऱ्या मुख्य चिपसाठी, आधीच कापून तयार असलेली कार्डांची माळ. ग्राफवरून कार्डं कापण्याच्या कामाला कंपाइल करणं म्हणतात. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी वापरता येणारी खुली सिस्टीम. तिच्या जगात ग्राफ सगळ्यांना उघडा असतो, म्हणून तिथे वेगळा प्रोसेसर आला की बहुतेक प्रोग्रॅम नव्याने कंपाइल करून देता येतात. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमबरोबर मात्र ग्राफ मिळत नाही. करणारा माणूस गाव सोडून गेला, कंपनी बंद पडली, की ग्राफही गेला. हातात उरते फक्त माळ. खाली जे सांगणार आहे, ती सगळी धडपड या परक्या माळेवरून आपल्या मागावर तीच नक्षी विणायची आहे.

दोन संख्यांची बेरीज

प्रोसेसरची भाषा म्हणजे काय, ते एका बेरजेवरून दाखवते. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर ज्या घराण्यातले आहेत त्याला एक्स८६ म्हणतात. १९७८ च्या ८०८६ या इंटेलच्या चिपपासून ते सुरू झालं. त्या घराण्यात "या खणातल्या आकड्यात त्या खणातला आकडा मिळव" ही सूचना दोन बाइटांची असते: १, २१६. (बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा मावेल एवढी जागा.) प्रोसेसरच्या आतल्या अशा खणांना रजिस्टर म्हणतात. तुमच्या मोबाइलमध्ये जवळजवळ नक्कीच असतो तो आर्म घराण्याचा प्रोसेसर. त्याची पहिली चिप केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ साली चालू झाली. आजच्या ६४ बिटांच्या, म्हणजे एका वेळी आठ बाइटांचा आकडा हाताळणाऱ्या, आर्मला हीच बेरीज सांगायची तर चार बाइट लागतात: ०, ०, १, ११.

अर्थ एकच, आकडे वेगळे. एक्स८६ ची फाइल आर्मला वाचायला दिली तर त्याला त्यात काहीच अर्थ लागत नाही, किंवा भलताच लागतो.

पुतण्याचा लॅपटॉप आर्मचा निघाला. बॅटरी चांगली टिकते म्हणून त्याने घेतला होता, आणि ते कारण योग्यच होतं. अ‍ॅपलने २०२० साली आपल्या मॅकमध्ये इंटेल सोडून आर्म घराण्याची एम१ चिप आणली. विंडोजचेही आर्म लॅपटॉप आता दुकानात दिसतात. शिवाय बर्कलीत २०१० साली सुरू झालेलं रिस्क-फाइव्ह हे तिसरं घराणं वाढतं आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर त्याच घराण्यातले. म्हणजे भाषांतराची गरज पुढेही पडत राहणार आहे.

अव्वांचा पेपर

मामांच्या आईला आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्यांना मराठी ऐकून थोडंफार समजतं, वाचता येत नाही. सकाळी पुतण्या मराठी पेपर घेऊन बसतो, एक वाक्य वाचतो आणि तेलुगूत सांगतो. पुन्हा पुढचं वाक्य. परक्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम चालवायची ही सगळ्यात साधी पद्धत. एक सूचना उचल, अर्थ लाव, तेवढं काम आपल्या प्रोसेसरकडून करून घे, पुढची उचल. याला इंटरप्रिटर म्हणतात. काम चोख होतं, पण हळू. परक्याची एक सूचना पार पाडायला आपल्या दहा-वीस, कधी त्याहून जास्त सूचना खर्ची पडतात.

आता समजा पेपरऐवजी रोजची आरती आहे. ती रोज नव्याने भाषांतर करून सांगणार का? एकदा तेलुगूत वहीत लिहून ठेवली की रोज तीच वही उघडायची. प्रोग्रॅममध्ये आरत्याच फार असतात. तोच तुकडा हजारो, लाखो वेळा फिरतो. म्हणून दुसऱ्या पद्धतीत प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या एकेका तुकड्याचं भाषांतर करून मेमरीत ठेवतात आणि तो तुकडा पुन्हा आला की तयार भाषांतर थेट चालवतात. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली आणलेला क्यूएमू हा प्रोग्रॅम असंच काम करतो. कितीतरी वेगवेगळ्या प्रोसेसरांची सोंगं तो घेतो.

तिसरी पद्धत म्हणजे सगळं आधीच भाषांतरित करून ठेवणं. डीईसी कंपनीने १९९६ साली आपल्या अल्फा प्रोसेसरसाठी एफएक्स!३२ हा प्रोग्रॅम काढला. इंटेलसाठी केलेला विंडोजचा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला की तो रखडत चालायचा, पण त्यातले कुठले भाग वापरले गेले याची नोंद ठेवली जायची. नंतर मागच्या मागे त्या भागांचं नीट भाषांतर होऊन ते डिस्कवर साठवलं जायचं. पुढच्या वेळी प्रोग्रॅम पळायचा. ही कल्पना मला फार आवडते. अ‍ॅपलचं रोझेटा २ हे भाषांतरयंत्रही बहुतेक काम प्रोग्रॅम पहिल्यांदा चालायच्या आधीच उरकून घेतं.

मग सगळेच आधी भाषांतर का करून ठेवत नाहीत? इथे मोडी लिपी आठवा. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत, ओळ सलग चालायची. "आताजाऊनका" असं लिहिलं असेल तर ते "आता जाऊ नका" की "आता जाऊन का", हे कुठे तोडता त्यावर ठरतं. एक्स८६ ची भाषा अशीच सलग आहे. तिच्यातली सूचना एका बाइटपासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब असू शकते. चुकीच्या बाइटवरून वाचायला सुरुवात केली तर वेगळ्याच, पण दिसायला ठीकठाक सूचना वाचल्या जातात. आर्मच्या ६४ बिटांच्या भाषेत प्रत्येक सूचना चार बाइटांचीच असते, म्हणून तिथे हा गोंधळ नाही. त्यातून प्रोग्रॅम पुढे कुठे उडी मारणार हे काही वेळा चालता चालताच हिशेब करून ठरतं. आधीपासून बघून ते सगळं कळत नाही. काही प्रोग्रॅम तर चालू असताना स्वतःच नव्या सूचना लिहून त्या चालवतात. ब्राउझर हेच करतो. म्हणून आधी केलेल्या भाषांतराबरोबर एक दुभाषा ऐनवेळेसाठी हजर ठेवावाच लागतो.

पंचवीस की वीस-पाच

शब्दाला शब्द जुळवला की भाषांतर झालं, असं कुठल्याच भाषेत नसतं. प्रोसेसरच्या भाषेतल्या तीन अडचणी सांगते, कारण खरं कसब तिथेच आहे.

पहिली अडचण आकड्यांची. मराठीत आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच मग वीस. तेलुगूत इरवै ऐदु, आधी वीस मग पाच. सोलापूरच्या बाजारात दोन्ही कानावर पडतं आणि कुणी गोंधळत नाही. प्रोसेसर मात्र गोंधळतात. मोठा आकडा मेमरीत अनेक बाइटांत ठेवावा लागतो. इंटेल मराठीसारखा लहान भाग आधी ठेवतो, जुन्या मॅकमधला पॉवरपीसी तेलुगूसारखा मोठा भाग आधी. एक हजार हा आकडा चार बाइटांत इंटेल असा लिहितो: २३२, ३, ०, ०. (तीन गुणिले २५६ आणि वर २३२, झाले एक हजार.) हीच चार बाइटं पॉवरपीसीच्या पद्धतीने वाचली तर ३८९ कोटी २५ लाख १० हजार ७२० होतात. गोदामात एक हजार चादरी ठेवल्या आणि वहीत ३८९ कोटी लागल्या! २००६ साली अ‍ॅपल पॉवरपीसीवरून इंटेलवर गेलं तेव्हा पहिल्या रोझेटाला ही उलटापालट सतत करत राहावी लागायची. आजचे आर्म लॅपटॉप इंटेलसारखेच लहान भाग आधी ठेवून चालवले जातात, त्यामुळे ही डोकेदुखी आता उरलेली नाही.

दुसरी अडचण बेरजेच्या मागे राहणाऱ्या खुणांची. एक्स८६ ने बेरीज केली की तो उत्तराबरोबर काही खुणाही ठेवतो. उत्तर शून्य आलं का, ऋण आलं का, हातचा राहिला का. पुढची सूचना या खुणा बघून वाट ठरवते. आर्मची साधी बेरीज खुणा ठेवत नाही. ठेवायच्या असतील तर वेगळी सूचना आहे. मघाच्या चार आकड्यांतला शेवटचा ११ बदलून ४३ केला की झालं. पण एक्स८६ च्या दोन खुणांना आर्ममध्ये जोडच नाही, आणि वजाबाकीतल्या हातच्याची खूण दोघांकडे नेमकी उलटी असते. प्रत्येक बेरजेला हे सगळं जुळवत बसलं तर कामाचा खेळखंडोबा होतो. म्हणून चांगला भाषांतरकार आधी पुढे डोकावून बघतो. या खुणा कुणी वापरणार आहे का? पुढच्याच सूचनेत त्या पुसल्या जाणार असतील तर तो त्या काढतच नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात खोल वाटते. आजच्या प्रोसेसरमध्ये चार-आठ कोअर असतात, म्हणजे एकाच कारखान्यात चार-आठ कामगार. समजा ठरलं आहे की पहिल्याने गठ्ठा टेबलावर ठेवायचा आणि मग 'तयार' ही पाटी लावायची. दुसऱ्याने पाटी दिसली की गठ्ठा उचलायचा. एक्स८६ मध्ये दुसऱ्या कामगाराला या दोन गोष्टी ठेवल्या त्याच क्रमाने दिसतील याची हमी असते. आर्ममध्ये ती नसते. वेगासाठी आर्म आपल्या नोंदी मागेपुढे पोचू देतो. दुसऱ्याला पाटी आधी दिसू शकते आणि टेबल रिकामं सापडू शकतं. आर्मसाठी मुळातून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये योग्य जागी "इथे थांब, आधीचं पोचू दे" असा अडसर घातलेला असतो. एक्स८६ च्या प्रोग्रॅममध्ये असे अडसर फारसे नसतात, कारण तिथे त्यांची गरजच पडत नव्हती.

बरं, भाषांतरकाराला कळत नाही की कुठली नोंद पाटी आहे आणि कुठली साधी. सगळीकडे अडसर घातले तर प्रोग्रॅम रखडतो. नाही घातले तर कधीतरी, आठवड्यातून एखादेवेळी, प्रोग्रॅम कोसळतो आणि का कोसळला ते सापडत नाही. अ‍ॅपलने यावर चिपमध्येच उपाय केला. एम१ मध्ये एक कळ आहे. रोझेटाचा प्रोग्रॅम चालू असताना ती दाबली की चिप नोंदींचा क्रम एक्स८६ सारखा पाळते. रोझेटा २ इतकं वेगवान का, याचं मोठं उत्तर या एका कळीत आहे. आर्मवरच्या विंडोजमध्ये हीच गोष्ट थोडी तुमच्या हातात दिलेली आहे. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये, कम्पॅटिबिलिटीच्या पानावर, अनेक कोअर वापरताना किती काटेकोर राहायचं ते निवडता येतं. जुना प्रोग्रॅम अधूनमधून विनाकारण बंद पडत असेल तर तिथे जरूर जाऊन बघा.

सातबारा आणि पहाणी

आतापर्यंत फक्त प्रोसेसरबद्दल बोलले. प्रोसेसर तोच असूनही प्रोग्रॅम चालत नाही, असंही होतं. त्याचं कारण ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारी व्यवस्था.

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याने भीमा ओलांडून पुढे गेलात की कर्नाटक लागतं. जमीन तशीच काळी, ज्वारी तीच, भाकरी तशीच. पण जमिनीचा उतारा काढायला गेलात आणि सातबारा मागितलात तर तिथे तो कागद नाही. तिथे पहाणी मिळते. कागदाचं काम जवळजवळ तेच, नाव वेगळं, खिडकी वेगळी, रकान्यांचा क्रम वेगळा. प्रोग्रॅमलाही फाइल उघडायला, पडद्यावर चौकट काढायला, छपाई करायला ऑपरेटिंग सिस्टीमच्या खिडकीवर जावं लागतं. विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर आणला की तो विंडोजच्या नावांनी मागण्या करतो, आणि लिनक्सच्या खिडकीवर ती नावं कुणाला ठाऊक नसतात.

१९९३ पासून घडत आलेला वाइन हा प्रोग्रॅम या दोघांच्या मधे बसतो. सातबारा मागितला की पहाणी काढतो आणि सातबाऱ्याच्या रकान्यांत उतरवून देतो. प्रोसेसरच्या सूचनांना तो हात लावत नाही, त्या जशाच्या तशा पळतात, म्हणून त्यात वेग फारसा जात नाही. वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! कारण विंडोजच्या मागण्या हजारो आहेत, आणि पुस्तकात लिहिलेलं वागणं जुळवून भागत नाही. विंडोजच्या चुकाही जुळवाव्या लागतात, कारण जुने प्रोग्रॅम त्या चुकांवर विसंबून असतात. गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवर आधारलेलं प्रोटॉन २०१८ साली आणलं, आणि विंडोजसाठी केलेले हजारो गेम लिनक्सवर चालायला लागले. इतक्या वर्षांचं ते कष्टाचं काम आता लोकांना दिसतं आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

उलट दिशेने मायक्रोसॉफ्टनेही २०१६ साली प्रयत्न केला. लिनक्सच्या प्रोग्रॅमच्या मागण्या विंडोजच्या मागण्यांत बदलून द्यायच्या. पण बारकावे संपेनात. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ती वाट सोडली आणि खरी लिनक्सच विंडोजच्या आत एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवली. व्हर्च्युअल मशीन म्हणजे घरातच दाराला कडी लावून दिलेली वेगळी खोली. आतला भाडेकरू आपलं बिऱ्हाड घेऊन येतो, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम पूर्णपणे त्याचीच असते. प्रोसेसर मात्र घरमालकाचाच वापरतो. तेव्हा लक्षात ठेवायचं ते हे, की नुसतं व्हर्च्युअल मशीन प्रोसेसरची भाषा बदलून देत नाही. इंटेलच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं विंडोज एक्सपी सुखाने राहतं. आर्मच्या लॅपटॉपवर तेच करायला गेलात तर आधी भाषांतर करणारा क्यूएमूसारखा कुणीतरी लागतो.

मामांचा मोर

आता मामांच्या प्रोग्रॅमकडे. तो १६ बिटांचा, डॉसचा. पुतण्याचा लॅपटॉप इंटेलचा असता तरी तो नुसत्या क्लिकने उघडला नसता, हे आधी सांगायला हवं. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा एक भाग असायचा. तो इंटेलच्या १९८५ च्या ३८६ चिपपासून आलेल्या एका सोयीवर उभा होता. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत गेला की ती सोय वापरता येत नाही, आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने तो भागच ठेवला नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचंच आहे.

उपाय होता डॉसबॉक्स. हा प्रोग्रॅम २००२ पासून फुकट मिळतो आणि आर्मसाठीही कंपाइल झालेला मिळतो. तो अख्खा जुना कॉम्प्युटर उभा करतो. प्रोसेसर, डॉस, पडदा, कीबोर्ड, आवाज, सगळ्यांची सोंगं एकटा घेतो. पुतण्याने तो बसवला, डिझाइनचं फोल्डर त्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवलं आणि वेग सगळ्यात जास्त ठेवला. प्रोग्रॅम सुरू झाला आणि लगेच "रनटाइम एरर २००" म्हणून बंद पडला.

हा आकडा बघून मला बरं वाटलं, कारण ही चूक जुन्या ओळखीची आहे. त्या काळी टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहायच्या साधनात केलेले पुष्कळ प्रोग्रॅम सुरू होताना मशीनचा वेग मोजायचे. ५५ मिलिसेकंदांत रिकामे फेरे किती होतात ते मोजायचं आणि ५५ ने भागायचं. उत्तर ६५,५३५ च्या आत मावेल असं धरलेलं होतं. तेव्हाच्या यंत्रांवर मावायचंही. पुढे प्रोसेसर इतके वेगवान झाले की उत्तर खणात मावेना, आणि प्रोसेसर भागाकार चुकला म्हणून थांबायला लागला. प्रोग्रॅम चुकलेला नव्हता, मशीन त्याच्या कल्पनेपलीकडे वेगाने पळत होतं. डॉसबॉक्समध्ये हा वेग आकड्याने बांधता येतो. तो खाली आणला. निळा पडदा आला, डिझाइनची यादी आली, आणि मामांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं.

सगळीकडे इतकं सरळ होत नाही. मामांच्या ओळखीच्या दुसऱ्या एका कारखान्यात तशाच प्रोग्रॅमला प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर लावायचं डोंगल होतं, म्हणजे कुलूप. यूएसबीला जोडायची तयार केबल बाजारात मिळते, पण ती फक्त प्रिंटरची भाषा बोलते. प्रोग्रॅम थेट जुन्या पोर्टशी बोलून किल्ली शोधतो, ती त्याला सापडत नाही. तिथे शेवटी तशाच जुन्या बनावटीचा सेकंडहँड मदरबोर्ड शोधावा लागला.

ड्रायव्हरचंही तसंच. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरसारख्या जोडलेल्या यंत्राशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम. आर्मवरचं विंडोज एक्स८६ चे प्रोग्रॅम भाषांतर करून चालवतं, पण ड्रायव्हर भाषांतर करून चालवत नाही. ते आर्मसाठीच केलेले लागतात. तेव्हा आर्मचा लॅपटॉप घेण्याआधी तुमचा प्लॉटर, बिलाचा प्रिंटर, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, यांचे आर्मसाठी ड्रायव्हर आहेत का ते दुकानदाराला विचारा आणि लेखी घ्या. आणि कारखान्यात, प्रेसमध्ये, दवाखान्यात जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर याच आठवड्यात त्याच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे डिस्क इमेज, काढून दोन ठिकाणी ठेवा. फक्त डिझाइनच्या फाइली नकोत, प्रोग्रॅमसकट सगळी डिस्क. फ्लॉप्यांच्याही प्रती काढा. दुभाषा कधीही मिळेल, पण मूळ कागदच गेला तर तो काय वाचणार?

मामांकडे शेवटचा टप्पा फ्लॉपीचा होता, कारण पंचिंगचं यंत्र फ्लॉपीच वाचतं. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला, डॉसबॉक्सने केलेली फाइल विंडोजमधून फ्लॉपीवर उतरवली. यंत्राने पहिलं कार्ड कापलं ते मामांनी उजेडाकडे धरून भोकं मोजली, मग कपाटातून त्याच डिझाइनचं जुनं कार्ड काढून त्यावर ठेवलं. भोकाला भोक लागलं. अव्वांनी विचारलं, काय झालं, आणि पुतण्याने तेलुगूत सांगितलं, "नेमली वच्चिंदी." मोर आला.